चुलीचा उजेड न घालवता फ्लॅश कसा वापरावा?

पऱ्हाटी (घाटंजी तालुका, यवतमाळ जिल्हा), १२ जानेवारी

सर्वांना नमस्कार. गेल्या तीन हिवाळ्यांत मी एकच छायाचित्र पुन्हा पुन्हा काढत आलो आहे. आमच्या घरी गॅस आहे, तरीही ज्वारीची भाकर आई अजून चुलीवरच करते. पहाटे साडेपाचला त्या खोलीत उजेड असतो तो एवढाच: तुराट्या आणि पऱ्हाट्यांचा जाळ. खिडकी वीतभर, भिंती सारवलेल्या, वर धुराने काळे पडलेले कवेलू.

पहिल्या हिवाळ्यात मी कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवला आणि समोरून चित्र घेतले. आईचा चेहरा पिठासारखा पांढरा आला, मागच्या भिंतीवर कडक काळी सावली उमटली, धुराचे पांढरे पटल सगळ्या चित्रावर पसरले आणि जाळ विझल्यासारखा दिसू लागला. आईने ते चित्र पाहून विचारले, "चूल पेटली नव्हती काय रे?" तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात मी फ्लॅश पेटीत ठेवला, आयएसओ (उजेड टिपण्याची सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० केला आणि १/१५ सेकंदावर चित्रे काढली. जाळ सुंदर आला, परंतु भाकर थापणारे हात पुसट झाले आणि आईच्या चेहऱ्याची वरची अर्धी बाजू काळोखात गेली.

या वर्षी जे जमले ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडचे बहुतेक हौशी छायाचित्रकार माझ्यासारखेच पहिल्या चुकीनंतर फ्लॅशला कायमचा रामराम ठोकतात असे मला वाटते. शटर एकदाच उघडत असले तरी त्या एका उघडझापीत दोन वेगवेगळे उजेड नोंदले जातात, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीवर साधारण १/२५० ते १/१००० सेकंद टिकतो आणि ताकद कमी केली की त्याहूनही कमी वेळ. शटर १/३० सेकंद उघडे राहिले, तर फ्लॅशचे काम क्षणार्धात आटोपते आणि उरलेला सगळा वेळ जाळाचा उजेड आत येत राहतो. म्हणून शटरचा वेळ वाढवला किंवा घटवला की जाळ उजळतो किंवा मंदावतो. फ्लॅशचा भाग जागच्या जागी राहतो. ॲपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याचे छिद्र) आणि आयएसओ मात्र दोन्ही उजेडांवर सारखाच परिणाम करतात. या दोन गोष्टी नीट समजल्यावर मी आधी फ्लॅश बंद ठेवून केवळ जाळ हवा तसा येईपर्यंत मापे ठरवली: आयएसओ १६००, ॲपर्चर एफ/२.८, १/३० सेकंद. ती मापे पक्की झाल्यावरच फ्लॅश सुरू केला, तोही १/६४ ताकदीवर.

फ्लॅश मी कॅमेऱ्यावरून उतरवला. रेडिओ ट्रिगर (फ्लॅश दुरून, तारेवाचून पेटवणारे साधन) लावून तो आईच्या डाव्या हाताला, धान्याच्या कोठीवर ठेवला आणि त्याचे तोंड तिच्याकडे न करता उलट बाजूला दोरीवर टांगलेल्या पांढऱ्या धोतराकडे केले. फ्लॅशचे तोंड जेमतेम दोन-अडीच इंचांचे असते, म्हणून त्याची सावली कडक पडते. तोच उजेड चार हात रुंद धोतरावर आपटून आला की धोतरच दिवा होते आणि सावलीची कड विरघळते. मऊपणा ठरतो तो दिवा विषयाच्या मानाने किती मोठा दिसतो यावर. म्हणूनच धोतर लांब नेले की तोच उजेड पुन्हा कडक होऊ लागतो.

राहिला रंगाचा प्रश्न. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, सुमारे ५५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचे माप, आकडा जितका कमी तितका उजेड तांबूस) असतो आणि लाकडाच्या ज्वाळेचा २००० केल्व्हिनच्या आसपास. दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू तांबूस आणि दुसरी निळसर दिसते. मी फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेल (उजेडाचा रंग बदलणारी पातळ पारदर्शक फिल्म) लावला. जेल मिळण्यापूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आणलेला केशरी जिलेटिन कागद दुहेरी करून लावला होता आणि इतक्या कमी ताकदीवर त्याने काम भागले. पूर्ण ताकदीवर लागोपाठ झोत मारल्यास असा कागद काचेला चिकटतो, याची नोंद घ्यावी.

चित्रात आता जाळ जाळासारखा आहे, आईचे डोळे आणि कपाळ दिसते, आणि भाकरीवर बोटांचे ठसे मोजता येतात.

माझी अडचण पुढची आहे. सध्या शेतात कापसाची वेचणी सुरू आहे. भर दुपारी वेचणाऱ्या बायांचे चेहरे डोक्यावरच्या पदराच्या सावलीत काळे पडतात आणि ओटीतला कापूस पांढराफटक होऊन त्याचा पोत नाहीसा होतो. तेथे कोणी फ्लॅश वापरला असल्यास कृपया मापांसह लिहावे.

कवेलू (आर्वी, वर्धा जिल्हा), १२ जानेवारी

पऱ्हाटीभाऊ, धोतराची युक्ती मनापासून आवडली. एक सावधगिरी मी जोडतो: आपल्याकडे कित्येक घरांच्या भिंतींना निळा किंवा पोपटी रंग दिलेला असतो. अशा भिंतीवर झोत आपटवला तर तोच रंग माणसाच्या तोंडावर येतो. म्हणून पांढरे कापड किंवा थर्माकोलची पाटी सोबत असावीच.

दुपारच्या उन्हाचा हिशेब सोपा आहे, परंतु तो आधी कागदावर करावा लागतो. स्वच्छ उन्हात एफ/१६ ठेवले तर शटर आयएसओच्या आकड्याइतके ठेवावे, हा जुना नियम आहे. आयएसओ १०० वर एफ/१६ आणि १/१००, म्हणजेच एफ/११ आणि १/२००. पुढे शटरचा वेग वाढवता येत नाही, कारण बहुतेक कॅमेऱ्यांची फ्लॅशशी जुळणारी गती १/२०० किंवा १/२५० एवढीच असते. शटरला दोन पडदे असतात. त्या गतीपर्यंत पहिला पडदा पूर्ण उघडल्यानंतर दुसरा निघतो आणि मधल्या क्षणी सगळा सेन्सर मोकळा असतो. त्याहून वेगात दुसरा पडदा आधीच निघालेला असतो, सेन्सरवरून केवळ एक फट सरकत जाते आणि फ्लॅशचा क्षणिक झोत त्या फटीपुरताच पोहोचतो. चित्रात काळा पट्टा येतो तो याच कारणाने. काही फ्लॅश लागोपाठ बारीक झोत मारून वेगवान शटरलाही साथ देतात, परंतु त्यात ताकद फार खर्ची पडते आणि उन्हात तर ताकदच हवी असते.

आता फ्लॅशकडे येऊ. गाइड नंबर म्हणजे अंतर गुणिले ॲपर्चर. समजा आपल्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला ३६ मीटर आहे. एफ/११ वर तो सव्वातीन मीटरपर्यंत उन्हाच्या बरोबरीचा उजेड देईल. आपल्याला बरोबरी नको आहे. चेहरा उन्हापेक्षा एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी राहिला तरच तो पदराच्या सावलीतला वाटतो. म्हणून सव्वातीन मीटरवरून निम्मी ताकद पुरते. छत्री किंवा कापड लावले तर साधारण दोन स्टॉप उजेड जातो आणि तेवढ्याच ताकदीत अंतर निम्मे करावे लागते, कारण अंतर दुप्पट केले की उजेड चौथा हिस्सा उरतो. शेतात छत्री वाऱ्याने पडते, हा माझा पक्का अनुभव आहे. मी तिथे फ्लॅश उघडाच, लांब बांबूच्या टोकाला बांधून कोणाच्या तरी हाती देतो. उन्हात कडक सावल्या असतातच, त्यामुळे फ्लॅशचा थोडा कडकपणा खटकत नाही.

कापसासाठी इतकेच सांगतो की माप कापसावर ठरवावे, चेहऱ्यावर नव्हे. बायांच्या पाठीशी ऊन येईल अशी ओळ निवडावी, कापसाचे तंतू दिसतील इतके एक्स्पोजर उतरवावे आणि जो चेहरा काळा उरेल तेवढाच फ्लॅशने उचलावा.

फ्लॅश नसेल तर जुने पातळ पांढरे लुगडे दोघांनी डोक्यावर ताणून धरावे. त्याखाली ऊन मऊ होऊन येते. वेचणीत मात्र हे जमत नाही, कारण माणूस सारखा पुढे सरकत असतो आणि त्याच्या कामात आपण आडवे येऊ नये.

सातपुडा (धारणी, अमरावती जिल्हा), १३ जानेवारी

मी या धाग्यातील मूळ भूमिकेशी सहमत नाही आणि ते स्पष्टपणे लिहिणे मला योग्य वाटते. पंचवीस वर्षे मेळघाटातील कोरकू गावांत छायाचित्रे काढताना मी फ्लॅश वापरलेला नाही. घरात आलेल्या पाहुण्याने अंधारात झोत मारावा, हे त्या घराच्या शांततेला धरून नाही असे मला वाटते. लहान मुले दचकतात, म्हातारी माणसे डोळे मिटतात आणि पुढच्या प्रत्येक चित्रात ती झोताची वाट पाहत बसलेली दिसतात.

दारातून येणारा उजेड पुरेसा असतो. तो वापरण्याची रीत आपण विसरत चाललो आहोत. दार म्हणजे तीन हात रुंद आणि चार हात उंच असा मोठा मऊ दिवाच. त्यातून थेट ऊन येत नसेल तेव्हा माणसाला उंबऱ्यापासून दोन-तीन हात आत, दाराकडे थोडे तिरके बसवावे. उजेड चेहऱ्यावर एका बाजूने येतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पाटी किंवा पांढरा टॉवेल धरला की सावली हवी तेवढी भरते. त्याहून आत गेले की उजेड झपाट्याने पडतो, त्यामुळे मागची भिंत आपोआप काळोखात जाते आणि माणूस उठून दिसतो. एवढे सगळे बिनखर्चाचे आणि आवाज न करणारे आहे. पाटी जवळ आणली की सावली किती भरते, हे डोळ्यांना तिथल्या तिथे दिसते. फ्लॅशचा परिणाम मात्र चित्र काढल्यावरच कळतो. शिकणाऱ्याने सुरुवात दारापासून करावी.

पऱ्हाटी, १३ जानेवारी

काका, आपले म्हणणे मी दोनदा वाचले. दाराबद्दल आपण लिहिलेला प्रत्येक शब्द मला मान्य आहे आणि मुलांच्या दचकण्याबद्दलही. आईच्या बाबतीत अडचण अशी की भाकरी पहाटेच होतात. त्या वेळी दारातही काळोखच असतो. दिवस वर येईपर्यंत तिला थांबायला सांगितले, तर ते चित्र तिच्या पहाटेचे राहणार नाही. १/६४ ताकदीचा धोतरावरून आलेला झोत तिला जाणवला, पण तिने डोळे मिटले नाहीत. चित्रे काढण्यापूर्वी मी तिला दोन-तीनदा झोत मारून दाखवला होता. तरीही आपण म्हणता तो दोष माझ्या आधीच्या चित्रांत आहे, हे मी कबूल करतो.

मोहफूल (कुरखेडा, गडचिरोली जिल्हा), ६ फेब्रुवारी

मी महाविद्यालयात शिकते आणि भावाचा जुना कॅमेरा वापरते. त्यावर वर उघडणारा छोटा फ्लॅश आहे, वेगळा फ्लॅश माझ्याकडे अजून नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीचे लग्न आहे. अंगणात हिरव्या जाळीचा मांडव घातला आहे. काल हळदीची तयारी सुरू असताना मी चाचणीसाठी चित्रे काढली, तेव्हा सगळ्यांचे चेहरे हिरवट आले. रात्री एलईडी बल्बखाली काढलेल्या चित्रांत आडवे काळसर पट्टे आले, तेही काही चित्रांतच. कॅमेरा बिघडला आहे असे भावाला वाटते. ज्येष्ठांनी मार्गदर्शन करावे.

कवेलू, ६ फेब्रुवारी

मोहफूलताई, कॅमेरा शाबूत आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद आणि तेज होतात. शटर १/५०० सारखे वेगवान असले तर ती धडधड पट्ट्यांच्या रूपाने चित्रात उतरते. १/१००, १/५० किंवा १/२५ ठेवले की प्रत्येक वेळी पूर्ण आवर्तन पकडले जाते आणि पट्टे जातात. शटर कमी-जास्त होत राहिले म्हणून पट्टे काही चित्रांतच आले. मोबाइलमध्येही ५० हर्ट्झची निवड असेल तर ती करून ठेवावी.

हिरव्या मांडवाचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींचा परिणाम वेगळा आहे. पहिला, छोटा फ्लॅश उघडून व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा करतो ती रंगदुरुस्ती) फ्लॅशवर ठेवणे. जवळचे चेहरे नैसर्गिक रंगाचे येतात, मागचा मांडव हिरवाच राहतो. लग्नघरात ते बरे दिसते, कारण मांडव हिरवा असतो हे बघणाऱ्याला ठाऊक असते. दुसरा, फ्लॅश न वापरता मांडवाखालीच पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स बसवणे. मग सगळे चित्र सुधारते. मात्र या दुसऱ्या मार्गावर असताना चुकून फ्लॅश पेटला, तर चेहरे जांभळट गुलाबी होतात. कॅमेऱ्याने काढून टाकलेला हिरवा रंग फ्लॅशच्या उजेडात मुळात नसतोच. ज्यांच्याकडे वेगळा फ्लॅश आहे त्यांनी त्यावर फिका हिरवा जेल लावावा, म्हणजे दोन्ही उजेड एकाच रंगाचे होतात आणि एकाच दुरुस्तीत सुधारतात. ऐकायला हे उलटे वाटते, तरी करून पाहावे.

छोट्या फ्लॅशची ताकद मेनूमधून दीड ते दोन स्टॉप उतरवावी. त्याच्यापुढे पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद तिरका धरून झोत बाजूच्या पांढऱ्या कापडाकडे वळवता येतो. तेव्हा मात्र ताकद उतरवू नये, कारण कापडावरून येईपर्यंत ती आपणच उतरते. लेन्सच्या अगदी जवळून येणारा उजेड डोळ्याच्या पडद्यावरून परतून थेट कॅमेऱ्यात शिरतो, म्हणून रात्री बाहुल्या लाल दिसतात. झोत वळवला की तो दोषही जातो.

वैनगंगाकाठ (भंडारा), ८ फेब्रुवारी

धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. आमचा भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो आणि मी अनेक वर्षे घडवणाऱ्या कारागिरांची व त्यांच्या भांड्यांची चित्रे काढतो आहे. पितळेवर फ्लॅश मारणारा माणूस पहिल्याच चित्रात हार खातो. गुंडाच्या (पाण्याच्या गोल पितळी भांड्याच्या) पोटावर एक पांढरा ठिपका चमकतो, बाकी भांडे काळपट दिसते आणि त्यात कॅमेऱ्यासह आपले स्वतःचे तोंड उमटते.

येथे समजून घ्यायचे ते असे की घासलेल्या पितळेला स्वतःचे रूप जवळपास नसते. समोर जे असेल ते ते दाखवते. उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो आणि गोल भांड्याला जवळजवळ खोलीभर कोन असतात. त्यामुळे प्रश्न भांड्यावर उजेड किती पडतो हा नाही. भांड्याला काय दिसते, हा आहे. मी दोन बाजूंना पांढऱ्या चादरी लावतो आणि फ्लॅश चादरींच्या मागून मारतो. मग भांड्यात चादरीच दिसतात आणि सगळे पोट सोनेरी होते. परंतु सगळेच उजळले की आकार हरवतो. म्हणून चादर आणि भांड्याच्या मध्ये काळ्या पुठ्ठ्याची चार बोटे रुंदीची पट्टी उभी करतो. तिचे प्रतिबिंब भांड्याच्या कडेने काळ्या रेषेसारखे उतरते आणि गोलाई परत येते. पट्टी वीतभर सरकवली तर रेषा कुठल्या कुठे जाते. एका गुंडासाठी माझा अर्धा तास यातच जातो आणि तो अर्धा तास मला फार आवडतो. चमक मारण्यासाठी पोलरायझर फिल्टर घ्यावा का, असे बरेच जण विचारतात. पाण्याची आणि काचेची चमक त्याने कमी होते. धातूवरची चमक त्याने एरवी कमी होत नाही.

दुसरा विषय धान उफणण्याचा. सूप उंच धरून बाई धान सोडते तेव्हा दाणा सरळ खाली पडतो आणि कोंडा वाऱ्याने बाजूला जातो. मावळतीनंतर आकाशात उजेड असताना शटर १/१६० ठेवून आकाश एक स्टॉप उतरवावे आणि फ्लॅश उफणणाऱ्या बाईच्या मागे, एका बाजूला, १/३२ ताकदीवर ठेवावा. कोंड्याचा प्रत्येक कण पेटल्यासारखा दिसतो आणि दाणे हवेत थांबतात. थांबवण्याचे काम शटर करीत नाही. १/३२ ताकदीवर झोत सेकंदाच्या हजारो भागांत मोजण्याइतका छोटा असतो, तोच दाण्याला थांबवतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात ही विद्या विकसित केली आणि पुढे दुधाच्या थेंबाचा मुकुट १९५७ मध्ये रंगीत चित्रात पकडला. फ्लॅश कॅमेऱ्यावर असता तर लेन्ससमोरचा कोंडाच पांढरा होऊन धुके झाले असते. पऱ्हाटीभाऊंच्या पहिल्या चित्रातील धुराचे कारण तेच आहे.

झाडीबोली (वडसा, गडचिरोली जिल्हा), ९ फेब्रुवारी

आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातील या भागाची) नाटके सुरू होतात आणि गावोगावच्या मंडपांत ती रात्रभर चालतात. गेल्या काही वर्षांत पहिल्या रांगेतून मोबाइलचे आणि कॅमेऱ्याचे झोत मारणारे वाढले आहेत. मी स्वतः रंगमंचावर उभा राहिलेलो असल्यामुळे सांगतो की भर संवादात डोळ्यांवर झोत आला की पुढचे काही क्षण समोरचा नटही दिसत नाही. तलवारीची झटापट सुरू असताना त्यातून इजा होऊ शकते. प्रयोगात फ्लॅश वापरू नये. त्याने चित्रही बिघडते, कारण लाल-निळ्या दिव्यांनी उभी केलेली रात्र एका पांढऱ्या झोतात पुसली जाते. शिवाय दहाव्या-पंधराव्या रांगेतून मारलेला झोत रंगमंचापर्यंत पोहोचत नाही, पुढच्या प्रेक्षकांची डोकी तेवढी उजळतात. आयएसओ ३२००, एफ/२.८ आणि १/१०० पासून सुरुवात करावी, नट वाक्य संपवून थबकतो त्या क्षणाची वाट पाहावी.

फ्लॅशची जागा रंगपटात आहे, तीही परवानगीने. तिथे आरशापुढे एक उघडा बल्ब असतो आणि तोंडाला रंग लावणारा नट स्वतःच्याच विचारात असतो. बल्बचा तांबूस उजेड मुख्य ठेवावा आणि नारिंगी जेल लावलेला फ्लॅश तंबूच्या पांढऱ्या कनातीवर, अगदी हलका मारावा. आरशात झोत दिसणार नाही असा कोन आधी शोधावा लागतो. वैनगंगाकाठभाऊंनी पितळेबद्दल लिहिलेला नियम आरशालाही तसाच लागू पडतो.

सातपुडा, १० फेब्रुवारी

उफणणीचे चित्र पाहण्याची इच्छा आहे. ते जरूर द्यावे. त्या कामात फ्लॅशवाचून गत्यंतर नाही, हे मी मान्य करतो.

जनावरांबाबत मात्र माझे मत कायम आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली शेकडो बैल वाजंत्रीच्या गजरात उभे असतात, आधीच बिचकलेले असतात आणि जवळच मुले असतात. समोरून मारलेला एक झोत बैलाला बुजवू शकतो. शिवाय बैलाच्या डोळ्यात मागे परावर्तक थर असतो, त्यामुळे समोरच्या झोतात डोळे हिरवट-निळे चमकतात आणि सजवलेल्या बैलाचे रूप बिघडते. पोळा फुटण्याच्या वेळी ऊन तिरपे असते. झूल आणि बाशिंगाला त्याहून चांगला उजेड मिळणार नाही.

जंगलात तर हा विषयच नको. घुबड, रातवा, घरट्यातील पाखरे यांच्यावर झोत मारू नये. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यांनी १९२० च्या दशकात उत्तर भारतात वाटेवर तार बांधून, वाघाच्या पायानेच कॅमेरा आणि झोत चालवून रात्रीची चित्रे मिळवली, हे खरे आहे. आज मेळघाट आणि ताडोबात वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. ते काम ज्यांचे आहे त्यांनी करावे.

कवेलू, १० फेब्रुवारी

उन्हाळ्यापूर्वी साधनांविषयी लिहून ठेवतो. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. गाडीच्या डिकीत फ्लॅश आणि सेल ठेवू नयेत. पूर्ण ताकदीचे वीस-पंचवीस झोत लागोपाठ मारू नयेत. फ्लॅश तापून बंद पडतो किंवा तोंडावरची काच पिवळी होते. सेल पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे घ्यावेत. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असला तरी ते वीज झटकन देतात, म्हणून अल्कलाइनपेक्षा फ्लॅश लवकर तयार होतो. पावसाळ्यात फ्लॅश पडून राहतो तेव्हा सेल काढून ठेवावेत, आणि महिन्यातून एकदा ते घालून काही झोत मारावेत, म्हणजे आतला कपॅसिटर (झोतासाठी वीज साठवणारा भाग) शाबूत राहतो. त्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यानंतरही तो टिकतो. म्हणून बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नये. मी दुरुस्तीच्या धंद्यात असूनही प्रत्येक वेळी जपूनच हात घालतो. रीळच्या काळातला फ्लॅश आजच्या कॅमेऱ्यावर बसवण्यापूर्वी त्याच्या सिंकच्या (कॅमेऱ्याशी जोडणाऱ्या) टोकांवरील दाब मोजून घ्यावा. काही जुन्या फ्लॅशमध्ये तो शेकड्यांत असतो आणि कॅमेरा जळू शकतो.

मोहफूल, २४ मार्च

लग्नात पहिला मार्ग वापरला आणि चेहरे छान आले, सर्वांचे आभार. आता भावाने एक वापरलेला फ्लॅश आणि ट्रिगर घेऊन दिला आहे. गेले चार दिवस आम्ही पहाटे मोहफुले वेचायला जातो, तेव्हा मी पऱ्हाटीकाकांची रीत उघड्यावर करून पाहिली. आयएसओ ४००, एफ/४, १/६० ठेवून आधी आकाश हवे तितके गडद केले. फ्लॅशला नारिंगी जेल लावला आणि व्हाइट बॅलन्स बल्बवर ठेवला. त्यामुळे आजीचा चेहरा आणि टोपलीतली फुले नैसर्गिक रंगाची आली आणि पहाटेचे आकाश डोळ्यांना दिसते त्याहून गाढ निळे झाले. फुलांवरचे दव चमकते आहे. एकच गोष्ट खटकते. आजीच्या नाकाची सावली कपाळाकडे वर गेली आहे आणि ती घाबरल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात ती गाणे म्हणत होती.

पऱ्हाटी, २४ मार्च

ताई, रंग फार सुरेख जमले आहेत. भावाने फ्लॅश खाली, टोपलीच्या उंचीवर धरला असावा. माझ्या आईच्या चित्रात जाळ खालून आला तरी चालला, कारण चूल चित्रातच आहे आणि बघणाऱ्याला उजेडाचे मूळ दिसते. मोहाखाली उजेड आभाळातून येतो, म्हणून फ्लॅशही आजीच्या डोक्याच्या दोन हात वर आणि थोडा बाजूला असायला हवा. बांबूला बांधून भावाला तो उंच धरायला सांगा. ताकद थोडी वाढवावी लागेल, कारण अंतर वाढेल. मोहाचा सडा अजून काही दिवस आहे, तोवर पुन्हा काढून येथे द्या.